गिटारच्या सहा तारा आणि अजून न झालेला गेम

मालवण तालुक्यातील आपल्या एका वस्तीत अलीकडे एक नवेच गाऱ्हाणे आमच्या कानावर आले. मुलगा बारावी झालेला, भरतीचे अर्ज भरून ठेवलेले, आणि उरलेला सारा वेळ गिटार मांडीवर. काय करतोस, असे विचारले तर म्हणतो, व्हिडिओ गेमसाठी संगीत करतो. वडील वैतागून म्हणाले, "गेम खंय आसा म्हणून इचारलंय तर म्हणता, अजून नाय, डोक्यात आसा."

नसलेल्या गेमसाठी संगीत करणे हे वरवर पाहता हवेतले इमले वाटतील. पण या धंद्यात उमेदवारी अशीच होते. शिंपी गिऱ्हाईक येण्यापूर्वी जुन्या कापडावर हात बसवतो, त्यातलाच हा प्रकार. मुलगा आधी गोष्ट ठरवतो, प्रसंग पाडतो, प्रत्येक प्रसंगाला सूर शोधतो, आणि हे काम उद्या गेम बनवणाऱ्यांना ऐकवायला त्याच्या हाती असते.

सिनेमाचे संगीत आणि गेमचे संगीत यांत मोठा फरक आहे. सिनेमात भांडण किती वेळ चालणार हे आधी ठरलेले असते. गेममध्ये ते खेळणाऱ्याच्या हातात. एकजण दरवाजा दहा सेकंदांत उघडील, दुसरा अर्धा तास चाचपडत बसेल. संगीताने दोघांचीही वाट पाहिली पाहिजे. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. जत्रेतला दशावतार आठवावा. संवाद लिहिलेले नसतात, राक्षस रंगात आला तर प्रवेश लांबतो, आणि पखवाजवाला व पेटीवाला नटाच्या पावलांवर डोळा ठेवून तेवढेच वाजवत राहतात. ते माणूस जे करतो, ते गेममध्ये संगणकाकडून करून घ्यायचे असते.

त्यासाठी तुकडा असा बांधतात की शेवट पुन्हा सुरुवातीला बेमालूम जुळावा. याला लूप म्हणतात. मिनिटाला ८० ठोके आणि चार ठोक्यांचा एक याप्रमाणे ३२ आवर्तने धरली तर १२८ ठोके, म्हणजे ९६ सेकंद. हा हिशेब आमच्या बीकॉमच्या डोक्याला चटकन पटला. अडचण येते ती वेगळीच. गिटारची तार छेडल्यावर आवाज रेंगाळतो, आणि तुकडा कापला की तो मध्येच तुटून खटकतो. यावरची युक्ती सोपी आहे. तोच तुकडा सलग तीनदा वाजवायचा आणि मधलाच ठेवायचा, म्हणजे आधीचा रेंगाळता सूर त्याच्या आरंभी आपोआप येतो. फाईल एमपी३ मध्ये न ठेवता वेव्ह किंवा ओजीजी मध्ये ठेवावी, कारण एमपी३ च्या टोकांना किंचित शांतता शिरते आणि लूप अडखळतो.

आता त्या मुलाचा गेम. एक मुलगी होडी घेऊन हरवलेल्या भावाला शोधायला निघते. किल्ल्याभोवतीचे खडक, वारा, अंधार, एवढीच गोष्ट. समुद्र शांत असताना एकच गिटार. वारा सुटला की तिच्यावर दुसरी. संकट आले की खाली पखवाजाचा ठेका. तिन्ही थर एकाच लयीचे आणि एकाच लांबीचे, त्यामुळे संगणक हवा तो थर चढवतो किंवा उतरवतो. किनाऱ्यावरच्या प्रसंगासाठी त्याने रापण ओढणाऱ्यांच्या पावलांची लय घेतली आहे, आणि आमच्या मते त्याच्या साऱ्या कामात तोच तुकडा सरस आहे.

गिटारचे पडदे पक्के असतात, मग आपले सूर त्यावर कसे बसणार, अशी शंका जाणकार घेतात. मींड घ्यायची तर तार ओढावी लागते किंवा सळई फिरवावी लागते. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीतून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले, हे लक्षात ठेवावे. हा मुलगा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावतो. डी ला षड्ज धरला तर मोकळ्या तारांत फक्त सा, म आणि प उरतात. गंधार कोमल की शुद्ध हे वाजवणाऱ्याने ठरवायचे. तंबोऱ्यासारखी आस मिळते ती वेगळीच.

बाहेरच्या जगात या वाद्याने गेममध्ये केव्हाच जागा मिळवली आहे. १९९६ च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या 'डायब्लो' या गेममधील ट्रिस्ट्रम गावाचे संगीत मॅट उल्मेन यांनी बारा तारांच्या गिटारवर बांधले. ओसाड गावाची ती धून खेळाडू अजून ओळखतात. २०१३ च्या 'द लास्ट ऑफ अस' या गेमचे संगीत अर्जेंटिनाच्या गुस्तावो सांताओलाया यांचे. सिनेसंगीतासाठी दोन ऑस्कर मिळवलेला हा माणूस स्वरलिपी वाचत नाही, कानावर काम करतो. आपल्या जलशांतले किती गायक-वादक तसेच होते!

जवळचे उदाहरण पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या संस्थेचा 'राजी' हा गेम २०२० साली आला. त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. यात कोणी नाक मुरडू नये. ग्रीसमधून पुण्याला सूर पोचतात, तर मालवणातून अथेन्सला का पोचू नयेत? फाईलला एस.टी.चे तिकीट लागत नाही.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करताना आपल्याकडे पाऊस हीच खरी अडचण. कौलावरचा मारा, रात्री बेडकांचा ओरडा, वीज गेलेली. ओल्या हवेने गिटारचे लाकूड फुगते, खाऱ्या वाऱ्याने पोलादी तारा गंजतात. म्हणून वाजवून झाल्यावर तारा पुसाव्यात, गिटार पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. मुद्रणाचे काम दिवाळीनंतर करावे आणि पावसाळ्यात सुचवण्याचे. मायक्रोफोन भोकासमोर न धरता मान जिथे पेटीला मिळते तिकडे, वीतभर अंतरावर ठेवला की आवाज घुमत नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

वडीलमंडळींच्या कपाळावर आठी उमटते तिचे मूळ मात्र पैशापेक्षा खोल आहे. दुसऱ्याच्या दारी वाजवायचे आणि मिळेल त्या बिदागीवर मान खाली घालून परतायचे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून गावकीची कामे टाकून दिली. मग नातवाने पुन्हा वाजवायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की लाज वाद्यात नव्हती. सक्ती होती आणि हक्क नव्हता, त्यात होती. आज हक्क कायद्यात लिहिलेला आहे, फक्त तो वाचला पाहिजे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचलेल्या संगीताचा हक्क मूळ संगीतकाराचा. त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मात्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी, तोंडी चालत नाही. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क गेला असे मानतात. म्हणून "सर्व हक्क, कायमचे, जगभर" अशी ओळ कागदावर दिसली की थांबावे, त्या तीन गोष्टींचा वेगळा मोबदला मागावा आणि मगच सही करावी. मूळ मुद्रण दिनांकासह स्वतःजवळ ठेवावे.

त्या मुलाच्या वडिलांशी आम्ही बोललो. भरतीचा अभ्यास सकाळी, गिटार संध्याकाळी, असा तोडगा घरात निघाला आहे. आईने एवढीच अट घातली की गेममधल्या त्या मुलीला भाऊ सापडलाच पाहिजे. त्या प्रसंगाचा तुकडा अजून व्हायचा आहे.