बेकारीची मोजदाद
लेखांक चौथा : आदिलाबादचा हंगाम

श्रमबल, रोजगार आणि बेकारी या संज्ञांच्या सरकारी व्याख्या आपण गेल्या लेखांकात तपासल्या. त्या एखाद्या मध्यम नगरास लावल्या असता काय हाती लागते, याचा विचार आज आदिलाबादच्या संदर्भात करावयाचा आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या शेजारी वसलेले, पूर्वी निजामी अंमलाखाली असलेले हे जिल्ह्याचे ठाणे, जेथे तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी या भाषा बाजारात एकाच वेळी कानी पडतात, आजही फार मोठ्या प्रमाणात कापसावर जगते.

कार्तिकाच्या सुमारास बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली, म्हणजे हमाल, मापाडी, जिनिंग कारखान्यांतून रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया, सरकीची पोती वाहणारे आणि सुमारे १७० किलोंच्या रुईच्या गाठी ट्रकांत चढविणारे मजूर या सर्वांच्या हातांना काम मिळते. तेही निर्वेध नसते. भारतीय कपास निगम ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात करते आणि त्यापुढचा माल नाकारते. त्यामुळे दोन दिवस आभाळ धरले की शेतकऱ्याचा माल अडतो आणि हमालाची मजुरीही बुडते. फाल्गुन उलटला की आवक ओसरते, जिनिंग कारखाने थंडावतात आणि हीच माणसे बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा हैदराबादच्या वाटेवर दिसू लागतात.

आता शासकीय पाहणीच्या नियमाने या हमालाची गणना कशी होते ते पाहावे. वर्षाचा बराच काळ रिकामा गेला तरी किमान ३० दिवस काम केलेला इसम गौण कामाच्या आधारे रोजगारात धरला जातो. साप्ताहिक पद्धतीत तर सात दिवसांत एक तास काम पुरते. याउलट नोकरीचा शोध घेणारा, घरच्या आधारावर थांबू शकणारा पदवीधर बेकार ठरतो. आणि शोधून थकून ज्याने कामाची तयारी दाखविणेही सोडले, तो श्रमबलातूनच वगळला जातो. देशाचा बेकारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला, हे खरे. परंतु आदिलाबादच्या हमालाच्या वैशाखाविषयी त्यातून काहीही कळत नाही.

या हंगामी जीवनाला बारमाही आधार देणारा एक उद्योग येथे होता. येथील चुनखडीच्या बळावर भारतीय सिमेंट निगमाने उभारलेल्या कारखान्यात १९८४ साली उत्पादन सुरू झाले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ते बंद पडले. याच निगमाचा तांडूर येथील कारखाना चालू राहिला, आदिलाबादचा मात्र पुन्हा चालू झाला नाही. पगाराची नोकरी गेली म्हणजे केवळ कामगाराचे घर अडचणीत येत नाही. त्या पगारावर उधारी देणारा किराणा दुकानदार, खानावळ, शिंपी आणि घरभाड्यावर जगणारी विधवा हे सर्वच हंगामाच्या आश्रयास जातात, आणि त्यांपैकी कोणाचेही नाव बेकारीच्या कोष्टकात चढत नाही.

म्हणून माझे निश्चित मत असे की, अशा नगराची बेकारी वार्षिक सरासरीने मोजू नये. जानेवारी २०२५ पासून पाहणीच्या नमुन्यात जिल्हा हा मूळ घटक मानला गेला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. आता राज्य सरकारने एक पाऊल पुढे टाकून मार्गशीर्षातली आणि वैशाखातली स्थिती निरनिराळी नोंदवावी, आणि मनुष्य कामावर होता की नाही एवढेच न विचारता, किती दिवस होता व किती मजुरीवर होता, हेही दप्तरात आणावे. रिकाम्या महिन्यांची नोंदच नसेल, तर त्या महिन्यांसाठी कामाची तरतूद करण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

पुढील लेखांकात सेवायोजन कार्यालयाच्या नोंदवहीचा विचार करू.