सही झाल्यावरची चर्चा

बँकेत असताना ‘कार्योत्तर मंजुरी’ या शब्दाशी माझा फार जवळून संबंध आला. शाखाधिकाऱ्याने आपल्या अधिकाराबाहेरचे कर्ज कुणाला तरी देऊन टाकलेले असायचे. पैसे गेलेले, ट्रॅक्टर शेतात उभा, आणि मग महिना-दोन महिन्यांनी विभागीय कार्यालयाकडे प्रस्ताव यायचा, की झाल्या व्यवहारास मंजुरी मिळावी. असे प्रस्ताव मी पाच वर्षे वाचले. त्यांवर अगदी गंभीरपणे चर्चा होत असे. तारण पुरेसे आहे का, जामीनदार कोण, संबंधितांना समज द्यावी का. बोलणारी माणसे अभ्यासू असत, काही तर मनापासून तळमळीने बोलत. आणि शेवटी मंजुरी मिळत असे. न देऊन करणार काय? ट्रॅक्टर नांगरणीला लागलेला असे.

हे सगळे आठवले ते एका संसदेचा वृत्तान्त वाचताना. निवृत्तीनंतर मला सभागृहांतल्या चर्चा वाचण्याचा नाद लागला आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला माणसे खोलीत कशी बोलतात हे ठाऊक असते. व्यासपीठावरून बोलताना ती काय बोलायचे टाळतात, हे अशा वृत्तान्तांतून कळते. युरोपियन संसद आपल्या चर्चांचे शब्दशः वृत्तान्त प्रसिद्ध करते. त्यांतला हा २३ मार्च २००९ चा, स्ट्रासबर्गचा. विषय होता आर्थिक भागीदारी करारांचा, आणि त्यांत मुख्य म्हणजे युरोपीय संघ आणि कॅरिबियन देश यांच्यात झालेल्या कराराला संमती द्यायची की नाही याचा.

एका बाजूला त्या वेळचे २७ देश, पन्नास कोटींच्या आसपास लोक, जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ. दुसऱ्या बाजूला १५ देश. त्यांत जमैका आहे, त्रिनिदाद आहे, आणि सेंट किट्स-नेव्हिससारखा देशही आहे, ज्याची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या दोघांनी एकमेकांना ‘भागीदार’ म्हटले. बँकेतही आम्ही कर्जदाराला पत्र लिहिताना ‘आपला विश्वासू’ अशीच सही करत होतो.

करारावर सह्या झाल्या १५ ऑक्टोबर २००८ रोजी, बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊन इथे. त्याचा तात्पुरता अंमल सुरू झाला २९ डिसेंबर २००८ पासून. युरोपियन संसदेत चर्चा झाली ती त्यानंतर, मार्च २००९ मध्ये. ट्रॅक्टर शेतात होता.

थोडे मागे जायला हवे. १९७५ साली टोगो देशाच्या लोमे या राजधानीत युरोपीय समुदायाने आपल्या जुन्या वसाहतींशी एक करार केला. त्याची गंमत अशी, की सवलत एकतर्फी होती. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांचा बहुतेक माल युरोपात बिनजकात यावा. त्यांनी मात्र युरोपच्या मालाला तशी सूट देण्याची सक्ती नाही. लोमे कराराला साखरेचे एक वेगळे परिशिष्टही जोडलेले होते. दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर युरोप ठरलेल्या, म्हणजे बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या, भावाने घेईल, आणि ही हमी बेमुदत राहील, असे त्यात म्हटले होते. आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण भारतालाही अशाच वेगळ्या करारान्वये वर्षाला १० हजार टनांचा कोटा होता. आपल्या दृष्टीने तो चमचाभर. एक मध्यम सहकारी कारखाना हंगामात त्याहून जास्त साखर काढतो. गयानाच्या दृष्टीने मात्र ही हमी म्हणजे देशाचा कणा होता.

जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत अशी एकतर्फी सवलत बसत नव्हती. लॅटिन अमेरिकेतल्या केळी पिकवणाऱ्या देशांनी तक्रारी केल्या, युरोप हरला, आणि खास सूट मागून सवलत चालू ठेवावी लागली. ती सूट संपणार होती ३१ डिसेंबर २००७ ला. त्याआधी दोन्ही बाजूंनी दारे उघडणारे नवे करार व्हायला हवेत असे ठरले, आणि जुन्या वसाहतींचे सहा गट पाडून वाटाघाटी सुरू झाल्या. त्या सहांपैकी माल, सेवा, गुंतवणूक, बौद्धिक संपदा अशा सगळ्या प्रकरणांसह पूर्ण करार त्या मुदतीत तयार केला तो एकट्या कॅरिबियन गटाने. डिसेंबर २००७ च्या मध्याला, मुदत संपायला पंधरवडा उरलेला असताना, मसुद्यावर आद्याक्षरे पडली.

मार्चअखेरीला बँकेच्या शाखेत बसलेल्या माणसाला मुदत या वस्तूची ताकद वेगळी सांगावी लागत नाही.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगू द्या. १९८७-८८ च्या सुमारास मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. विहीर आणि पाइपलाइनसाठी कर्ज घ्यायला एक शेतकरी आला. वचनचिठ्ठी, गहाणखत, हमीपत्र, जामीनखत असा गठ्ठा मी पुढे ठेवला आणि पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागा दाखवल्या. माणूस सातवी शिकलेला, सावकाश अक्षर काढत सही करणारा. एकोणीस सह्या होत्या. सतरा-अठरा झाल्यावर त्याने पेन थांबवले आणि विचारले, “सायेब, ह्यात माझ्या बाजूचं काय लिवलंय?”

मी हसलो. मग खरोखरच शोधले. एक ओळ सापडली. कर्ज पूर्ण फिटल्यावर कागदपत्रे परत केली जातील.

“आन् सही न्हाई केली तर?”

“तर कर्ज मिळणार नाही.”

“मंग इचारून काय उपेग,” असे म्हणून त्याने उरलेल्या सह्या केल्या. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिले असावे.

कॅरिबियनमध्ये हा प्रश्न जाहीरपणे विचारला तो गयानाच्या अध्यक्षांनी, भरत जगदेव यांनी. गयाना म्हणजे जुने ब्रिटिश गियाना. १८३८ च्या मे महिन्यात ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या दोन जहाजांतून उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातले पहिले गिरमिटिये तिथे उतरले. कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले ते लोक. त्यांच्या मागून आणखी जहाजे गेली. जगदेव त्या उतरलेल्यांच्याच वंशजांपैकी. अर्थशास्त्र शिकलेले, आधी अर्थमंत्री राहिलेले, म्हणजे कागद वाचणारा माणूस.

सप्टेंबर २००८ मध्ये त्यांनी जॉर्जटाऊनला देशव्यापी विचारविनिमयासाठी सभा बोलावली. नॉर्मन गिरवान, क्लाइव्ह थॉमस, हॅवलॉक ब्रूस्टर यांच्यासारखे त्या भागातले नाणावलेले अर्थतज्ज्ञ कराराविरुद्ध लिहीत होतेच. मालापुरता करार करू, जागतिक व्यापार संघटनेचा नियम तेवढेच मागतो. सेवा आणि बाकीची प्रकरणे त्यात कशाला, असा जगदेवांचा युक्तिवाद होता. तो चुकीचा नव्हता. पण उत्तर ठरलेले होते. पूर्ण करारावर सही नाही, तर साखर, तांदूळ आणि रम यांना बिनजकात प्रवेश नाही. इतर विकसनशील देशांच्या रांगेत उभे राहून जकात भरा. १५ ऑक्टोबरच्या ब्रिजटाऊनच्या समारंभात गयानाने सही केली नाही. २० ऑक्टोबरला ब्रसेल्समध्ये केली. मधल्या काळात मिळाले ते एक संयुक्त निवेदन. दर पाच वर्षांनी कराराचा सर्वांगीण आढावा घ्यायचा, आणि कॅरिबियन देशांच्या आपसांतल्या एकीकरणाला बाधा येणार नाही याची काळजी घ्यायची. माझ्या शेतकऱ्यापेक्षा त्यांनी एक ओळ जास्त मिळवली असे म्हणता येईल.

करारात वाईटच होते असे मात्र नाही. मी कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे, आणि त्या खुर्चीवरूनही हिशेब मांडला पाहिजे. युरोपने जवळजवळ सगळ्या मालाला जकातमुक्त, कोटामुक्त प्रवेश लगेच दिला. साखर आणि तांदळालाच काय तो थोडा अवधी. कॅरिबियन देशांनी आपल्या आयातीपैकी सुमारे ८७ टक्क्यांवरची जकात काढायची, तीही २५ वर्षांत, आणि पहिली तीन वर्षे काहीच करायचे नाही. नाजूक शेतमाल वगळता येत होता. वाटाघाटी करणाऱ्या पथकाचे प्रमुख रिचर्ड बर्नाल यांनी कराराचे समर्थन केले, त्यामागे हा हिशेब होता. तिथल्या मुख्य आचाऱ्यांना, फॅशन मॉडेलांना, गायक-वादकांना युरोपात कामासाठी जाण्याची सोय करारात आहे, आणि ती तोवर कुणाला मिळाली नव्हती. फक्त व्हिसा ज्या त्या देशाच्या वकिलातीने द्यायचा. कर्ज मंजूर, पण चेकबुक दुसऱ्या खिडकीवर.

एक कलम मात्र मला अजून खुपते. उद्या या देशांनी एखाद्या मोठ्या व्यापारी देशाला युरोपपेक्षा जास्त सवलत दिली, तर तीच सवलत युरोपलाही मिळाली पाहिजे. मोठा म्हणजे विकसित देश, किंवा जागतिक मालनिर्यातीत ज्याचा वाटा एक टक्क्याहून अधिक आहे असा कोणताही. त्या सुमारास भारताचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या वर होता. म्हणजे गयानाने उद्या आपल्याशी काही खास सौदा करायचा म्हटला, तर त्याची झळ आपल्यालाही लागावी. ब्राझीलने जिनिव्हात या कलमाला आक्षेप घेतला होता. आमच्याकडेही असे कलम असे: दुसऱ्या बँकेकडे जाण्याआधी आमची लेखी परवानगी घ्या. त्याची गरज मी कर्जदारांना अनेकदा पटवून दिली आहे. स्वतःला कितपत पटली होती, कोण जाणे.

आता त्या चर्चेकडे. संसदेपुढे पर्याय दोनच होते, संमती द्या किंवा नाकारा. मसुद्यातला स्वल्पविरामही हलवता येणार नव्हता. कॅरिबियन कराराचा अहवाल मांडण्याचे काम डेव्हिड मार्टिन या स्कॉटलंडच्या मजूर पक्षाच्या सदस्याकडे होते. व्यापार आयुक्त होत्या कॅथरीन ॲश्टन, पीटर मँडेलसन यांच्या जागी काही महिन्यांपूर्वीच आलेल्या. गरिबांच्या औषधांचे काय, कबूल केलेली मदत खरेच मिळणार का, आढाव्याचे काय, असे प्रश्न निघाले. सभागृहात आश्वासने मागितली गेली आणि ती दिली गेली. २५ मार्चला संमतीचे मतदान झाले.

मला ही माणसे ढोंगी वाटली नाहीत. उलट, आमच्या विभागीय समितीपेक्षा त्यांनी पुष्कळ जास्त वाचलेले होते. पण ज्यांच्याबद्दल बोलणे चालले होते त्यांच्यातले तिथे कुणी बोलू शकत नव्हते, आणि यात भूगोलाचा एक विलक्षण खेळ आहे. गयानाच्या पूर्वेला सुरीनाम. सुरीनामच्या पूर्वेला, नदी ओलांडली की फ्रेंच गियाना. तो फ्रान्सचाच प्रांत, म्हणून युरोपीय संघाचा भाग. तिथले लोक युरोपियन संसदेसाठी मत देतात. किनारा तोच, पावसाचे जंगल तेच, आणि एका टोकाला मतदार, दुसऱ्या टोकाला विषयपत्रिकेवरचा विषय.

आपण यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. १९३९ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाने भारत-ब्रिटन व्यापार करार फेटाळला होता आणि सरकारने तो तरीही लागू केला. ते परके सरकार, म्हणून सोडून देऊ. पण स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतही आंतरराष्ट्रीय करारावर संसदेची संमती घ्यावीच लागते असे नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये माराकेश इथे आपण सही केली. त्याआधी डंकेल प्रस्तावावर या देशात केवढा गदारोळ झाला, इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने अहवालही दिला. तरी संसदेने मत दिल्याशिवाय सही ग्राह्य नाही, असे कुठे नव्हते आणि आजही नाही. म्हणजे आपल्याकडे कार्योत्तर मंजुरीचा प्रस्तावसुद्धा पाठवायची गरज नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात. कॅरिबियन देशांची जकातकपात २०११ पासून सुरू व्हायची होती. अनेकांनी ती लांबवली. हप्ते थकवणे हे दुबळ्याच्या हातातले शेवटचे हत्यार असते, हे वसुलीच्या दौऱ्यांवर गेलेला प्रत्येक जण जाणतो. साखरेची ती बेमुदत हमी युरोपने सप्टेंबर २००७ मध्येच, म्हणजे नव्या मसुद्यावर आद्याक्षरे पडायच्या आधी, एकतर्फी मोडीत काढली होती. ती प्रत्यक्षात संपली २००९ च्या सप्टेंबरअखेर. त्याआधीच युरोपने आपल्या साखरेचा आधारभाव ३६ टक्क्यांनी खाली आणायचे ठरवले होते. दरवाजा बिनजकात उघडा राहिला, पण आतला भाव उतरला. २०१७ मध्ये युरोपने आपल्या शेतकऱ्यांवरचा उत्पादन-कोटाही उठवला. ब्रिटन युरोपातून बाहेर पडायच्या तयारीत असताना त्याने २०१९ च्या मार्चमध्ये सेंट लुसियात या देशांशी वेगळा करार केला. त्याचा मजकूर बहुतांशी जुन्याच कराराचा होता.

गयानात २०१५ मध्ये समुद्रात तेल सापडले आणि २०१९ च्या डिसेंबरपासून ते निघू लागले, त्यामुळे देशाचे आकडे आता ओळखू येत नाहीत. उसाचे मळे त्या आकड्यांत नाहीत. स्केल्डन इथे अठरा-वीस कोटी डॉलर खर्चून साखर स्वस्तात काढणारा नवा कारखाना उभारला होता. तो सुरू झाला २००९ मध्ये, युरोपची हमी संपली त्याच वर्षी. २०१७ च्या अखेरीस तो बंद करण्यात आला. रोझ हॉल आणि एनमोरही त्याच वर्षी बंद झाले, वेल्स त्याच्या आदल्या वर्षाअखेर. काही हजार माणसे घरी बसली, बहुतेक त्या दोन जहाजांच्या मागून आलेल्यांची नातवंडे-पतवंडे.

माझ्या त्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी लागले होते. हप्ते चार वर्षे वेळेवर आले, मग दुष्काळाच्या एका वर्षी थांबले. माझी तोवर बदली झाली होती. कागद त्याला परत मिळाले की नाही, हे मी कधी विचारले नाही.