नाव घेतले, पण ते आपले झाले काय?

पेठेतल्या जुन्या दुकानाला पाटी नसली तरी चालते. गिऱ्हाईक कोपऱ्यावरून वळते, ओळखीचा वास येतो, गादीवर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो आणि आपण योग्य ठिकाणी आलो आहोत अशी त्याची खात्री पटते. तिरुनेलवेलीस तर हलव्याचे एक दुकान 'इरुट्टुकडै' म्हणजे 'अंधारे दुकान' याच नावाने प्रसिद्धीस आले; तेथला काळोख हीच त्याची पाटी. इंटरनेटवर मांडलेल्या दुकानाला मात्र कोपरा नाही, वास नाही आणि चेहराही नाही. तेथे गिऱ्हाइकाच्या हाती काही अक्षरे तेवढी असतात. त्यांतले एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, की पैसे दुसऱ्याच्याच गल्ल्यात पडतात.

म्हणून असे दुकान काढू इच्छिणाऱ्याने भांडवलाच्या आधी नावाचा विचार करावयास हवा. परंतु बहुतेकांचा विचार पाऊण तासात आटोपतो. संगणकासमोर बसावे, मनातले नाव टाकून पाहावे, 'उपलब्ध आहे' असे उत्तर आले की हजार-पाचशे रुपये भरावेत आणि नाव आपले झाले असे समजून पाटी रंगवावयास द्यावी. आमच्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ या समजुतीत आहे. 'उपलब्ध आहे' या उत्तराचा अर्थ एवढाच की नेमकी हीच अक्षरे, याच क्रमाने, याच शेपटीसह आजवर दुसऱ्या कोणी नोंदविलेली नाहीत. त्या नावावर अन्य कोणाचा हक्क आहे काय, हा प्रश्न नोंदणी करणारा विचारतच नाही. शिवाय त्याच्याकडून मिळते ती मालकी नव्हे. तो काही वर्षांचा भाडेपट्टा असतो आणि मुदत संपताच नवा करावा लागतो.

कंपनीची नोंदणी हे दुसरे दप्तर आणि व्यापारचिन्हाची, म्हणजे ट्रेडमार्कची, नोंदणी हे तिसरे. तिन्ही दप्तरे निराळी, तिन्ही ठिकाणचे प्रश्नही निराळे. एका ठिकाणी मिळालेला होकार दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

मग तंटा उद्भवला म्हणजे न्यायासन काय पाहते? या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा 1999 सालचा निर्णय ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 'रेडिफ' नावाने चालणाऱ्या कंपनीने तक्रार केली की दुसऱ्या एका मंडळीने 'रॅडिफ' असे डोमेन घेतले आहे. रोमन लिपीत दोहोंत फरक एका स्वराचा. न्यायालयाने सांगितले की डोमेन हा केवळ पत्ता नव्हे. व्यापारचिन्हाला जे संरक्षण मिळते तेच त्यालाही मिळावयास हवे. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्यास कायद्याची पूर्वीपासूनच मनाई आहे. तोच जुना नियम येथे नव्या बाजाराला लावण्यात आला.

पुढे 2004 साली 'सिफी'चे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सत्यम इन्फोवे या कंपनीने 'सिफी' हे नाव घडवून 1999 साली त्यावरून डोमेने नोंदविली होती. 2001 साली दुसऱ्या मंडळींनी एक 'एफ' अधिक घालून तसेच नाव घेतले. हे नाव सुचले कसे, असे विचारता त्यांनी आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची ही आद्याक्षरे आहेत असा खुलासा केला. न्यायालयाला तो पटला नाही. डोमेनसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नसला तरी व्यापारचिन्हांच्या कायद्याखाली त्याचे रक्षण करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आणि मनाई हुकूम कायम केला. मुलाबाळांच्या आद्याक्षरांवरून नाव बेतण्याची हौस आपल्याकडे फार. तिच्यात दोष काहीच नाही. मात्र तयार झालेला शब्द दुसऱ्या कोणाच्या नावाशी जाऊन भिडतो की काय, हे पाहिल्यावाचून ती कथा न्यायालयात तारून नेईल या भरवशावर राहू नये.

हे व्याख्यान आंब्याच्या दिवसांत होत आहे, तेव्हा उदाहरणही आंब्याचेच घेऊ. समजा, एका गृहस्थाला रत्नागिरीकडच्या बागेतले आंबे घरपोच पाठवावयाचे आहेत आणि दुकानाला 'अस्सल हापूस' असे नाव द्यावयाचे आहे. नाव गोड आहे, गिऱ्हाइकाला लगेच कळतेही. पण कायद्याच्या दृष्टीने ते फार दुबळे. मालाची जात, गुण किंवा मूळ ठिकाण सांगणारे शब्द सर्वांनाच लागतात. ते एकट्याला बांधून देता येत नाहीत, असे 1999 च्या व्यापारचिन्ह अधिनियमाचे नववे कलम सांगते. दीर्घ वापराने असा शब्द एकाचाच म्हणून ओळखला जाऊ लागला तर गोष्ट वेगळी. परंतु नव्या दुकानाला ती पुण्याई कोठली? त्यातून 'हापूस' हा शब्द भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखालीही नोंदविलेला आहे. 2018 साली पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील हापूसला तो मान मिळाला. बाहेरचा आंबा त्या नावाने विकणे हा मग निराळाच अपराध होतो.

याउलट, ज्याला आधी काही अर्थच नव्हता असा घडविलेला शब्द सर्वांत बळकट. 'कोडॅक' हा शब्द ईस्टमनने 1888 साली असाच निर्माण केला. दुसरा प्रकार, शब्द परिचयाचा पण त्या मालाशी संबंध नसलेला. आंब्याच्या दुकानाला 'दीपस्तंभ' म्हटले तर ते आंब्याचे वर्णन ठरत नाही. गिऱ्हाइकाला शिकविण्यास वेळ लागतो हे खरे. परंतु शिकवून झाले की ते नाव आपल्याच पदरात राहते.

मराठी दुकानदाराला आणखी एक अडचण असते. तिची चर्चा फारशी होत नाही. आपण नाव देवनागरीत योजतो आणि डोमेन घेतो रोमन लिपीत. 'वसंत' लिहावयाचे तर आरंभी 'व्ही' की 'डब्ल्यू', शेवटी 'एच' हवा की नको? एकाच नावाची तीन-चार रूपे होतात. आपण एक घेतले तर उरलेली दुसरा घेऊ शकतो. तसेच आपण घेतलेले रूप नवे दिसले, तरी उच्चाराने ते एखाद्या जुन्या चिन्हाचेच भावंड असू शकते. कायदा डोळ्यांप्रमाणे कानानेही साम्य पाहतो. म्हणून व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेताना केवळ अक्षरांचा शोध न घेता ध्वनीचाही घ्यावा. तशी सोय तेथे आहे. 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' या शेपटीची डोमेनेही मिळतात. मुख्य व्यवहार रोमन नावावर चालत असला तरी आपले देवनागरी नाव तेथे राखून ठेवणे शहाणपणाचे.

शोध कोणत्या वर्गात घ्यावयाचा हेही ठरवावे लागते. माल व सेवा मिळून 45 वर्ग आहेत. ताजा आंबा एकतिसाव्या वर्गात, डबाबंद रस आणि लोणचे एकोणतिसाव्यात, पेय म्हणून आंब्याचे सरबत बत्तिसाव्यात आणि दुसऱ्यांचा माल आणून विकण्याची सेवा पस्तिसाव्यात! एक आंबा चार खोल्यांतून हिंडतो म्हणा ना. व्यक्ती किंवा लहान उद्योग यांना ऑनलाइन अर्जास दर वर्गामागे 4500 रुपये शुल्क पडते. तेव्हा आज जे विकतो आणि लवकरच विकणार आहोत तेवढेच वर्ग घ्यावेत. अर्ज स्वीकारला गेल्यावर तो नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि चार महिने कोणालाही हरकत घेता येते. नोंदणी मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते आणि पुन्हा नवी करता येते. नोंदणीपूर्वीच वर्तुळातला 'आर' छापण्याचा मोह पुष्कळांना होतो. कायद्याची त्याला मनाई आहे, आणि पूर्वी त्याला कारावासाचीही तरतूद होती.

तथापि नोंदणी म्हणजे सर्वस्व नव्हे. आरंभी उल्लेखिलेल्या हलव्याच्या नावावरून तंटा झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली असे म्हटले की नोंदणी करणाऱ्यापेक्षा नाव आधी वापरणाऱ्याचा हक्क वरचढ आहे. कलम चौतिसाचेही तेच सांगणे. म्हणजे दप्तरात न सापडणारे, पण एखाद्या गावी वीस वर्षे चाललेले दुकानही आपल्याला अडवू शकते. सबब शोध दप्तरापुरता न ठेवता बाजारातही घ्यावा.

बरे, आपलेच नाव कोणी डोमेन म्हणून बळकावले तर? 'डॉट कॉम'सारख्या डोमेनांसाठी 1999 पासून आणि 'डॉट इन'साठी 2005 पासून कोर्टाबाहेरच्या लवादाची सोय आहे. तक्रारदाराने नावांतील साम्य, प्रतिपक्षाचा त्या नावाशी न्याय्य संबंध नसणे आणि त्याचा दुष्ट हेतू या तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव रद्द होते किंवा आपल्याकडे येते. नुकसानभरपाई मात्र तेथे मिळत नाही. आपले चिन्ह जन्मण्यापूर्वीच ज्याने ते नाव सरळपणाने घेतले होते, त्याच्याविरुद्ध हा मार्ग बहुधा फोल ठरतो.

बळकावणारा कधीकधी घरचाच असतो. संकेतस्थळ बांधून देणारा कारागीर सोयीसाठी डोमेन स्वतःच्या नावे नोंदवितो आणि दोन वर्षांनी मजुरीवरून बिनसले की दुकानाची किल्ली त्याच्या खिशात असल्याचे कळते. नोंदणी आपल्या नावे, आपल्या ईमेलवर आणि आपल्या खात्यातून पैसे भरून झाली आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. त्याच दिवसापासून कागदही जपावेत. पहिल्या पेटीचे बिल, पहिली जाहिरात, पहिल्या पार्सलाची पावती, सर्वांवर तारीख आणि दुकानाचे नाव असलेली. हे नाव आधी कोणी वापरले, असा प्रश्न उद्या वकिलाच्या नोटिशीतून आला, तर उत्तरादाखल तेच कागद पुढे ठेवावे लागतात.