गळ्याची मेहनत आणि ध्वनिमुद्रण

कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत गाण्यावर काय बोलावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आम्ही गवई नव्हे, आणि कॉलेजची पायरीही आम्ही चढलो नाही. जे थोडेबहुत कळले ते वाचनालयातून आणि जाणत्यांना विचारून. परंतु गळा हे आमचेही हत्यार आहे. गेटसभेत पाळी सुटून घरी निघालेल्या माणसाला चार मिनिटे थांबवून धरावयाचे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आवाजाची किंमत सांगावी लागत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांनी आपल्या पहाडी गळ्याने मैदानेच्या मैदाने जागी केली. आपल्याकडे भजनी मंडळे चढ्या पट्टीत गातात तीही याच वळणाची. दूरवर पोहोचेल तो आवाज मोठा, अशी आपली समजूत त्यातूनच झाली.

रेकॉर्डच्या गाण्याने ही समजूत उलटी केली. सुरुवातीला तसे नव्हते. 1902 साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा वीज नव्हती. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गावयाचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने मेणाच्या तबकडीवर सुई रेघ ओढावयाची. तीन मिनिटांच्या आसपास सारा राग आटोपावा लागे. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि हळू गाणाराही ऐकू येऊ लागला. कानाशी बोलावे तसे गाता येऊ लागले. आज ज्याला पॉप गाणे म्हणतात ते सारे या सोयीवर उभे आहे. पण सोय झाली म्हणून मेहनत कमी झाली, असे मात्र नाही. मैदानात जो दोष वाऱ्यावर उडून जातो, तो मायक्रोफोन नेमका टिपतो.

लता मंगेशकरांचेच उदाहरण घ्या. 1942 साली वडील मास्टर दीनानाथ वारले तेव्हा त्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या, आणि घर त्यांच्यावर आले. पुढे मुंबईस भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमानअली खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. हे घराणे मोकळ्या आकाराबद्दल आणि लांब दमसासाबद्दल प्रसिद्ध आहे. संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांना मायक्रोफोनपुढे श्वास कोठे व कसा घ्यावा हे शिकविले. शब्द तुटू नये, ओळ तुटू नये, आणि घेतलेला श्वास ऐकणाऱ्याला कळूही नये. याच्या उलट आशा भोसले यांनी 1971 च्या ‘कारवाँ’ चित्रपटात श्वासच गाण्याचा भाग करून दाखविला. लपविणे आणि दाखविणे, दोन्हींना ताबा लागतोच.

हा ताबा येतो कसा? आपल्या कंठात दोन स्वरतंतू असतात, बोटाच्या पेराहूनही आखूड. फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून जाताना ते एकमेकांवर आपटतात. बाई काळी चारचा षड्ज लावते तेव्हा हे तंतू सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा मिटतात व उघडतात. वरच्या षड्जाला त्याच्या दुप्पट. तासभर गाणे म्हणजे लाखो वेळा हे आपटणे झाले. कोणत्या यंत्राला आपण वंगण-विश्रांतीवाचून इतके चालवू? आमच्या कार्यकर्त्यांचे घसे बसतात ते याचमुळे. ओरडून ओरडून त्या तंतूंवर गाठी येतात. कुजबुजत बोलल्याने आवाजाला आराम मिळतो हीही चुकीची समजूत आहे, उलट ताण वाढू शकतो. वारंवार खाकरणे तर तंतूंना चापट्या मारण्यासारखेच. मध, आले, कोमट पाणी यांनी बरे वाटते हे खरे. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेतून जाते, ती स्वरतंतूंना शिवत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या ऐन वेळी तांब्याभर पाणी पिऊन उपयोग नाही. आदल्या दिवसापासून थोडे थोडे पीत राहावे लागते. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तेथवर पोहोचते.

जुन्या गवयांचा पहाटेचा खर्ज हा या शास्त्राचाच भाग होता. खालचे स्वर हळू, लांब, न ओढता लावावयाचे. मग आकार, मग अलंकार, आधी सावकाश व नंतर दुगुणीत. आजचे शिक्षक ओठ फुरफुरवून किंवा तोंड मिटून गुणगुणून गळा गरम करावयास सांगतात. हेतू एकच, थंड यंत्र एकदम जोरात न पळविणे. पोट आणि बरगड्या यांनी श्वास धरावा, खांदे उचलू नयेत. आणि आपली पट्टी आपणच शोधावी. मूळ गायकाची पट्टी आपल्याला झेपतेच असे नाही. ऑर्केस्ट्रातली आपली कितीतरी मुले येथेच गळा फोडून घेतात.

उच्चारांची तयारी निराळी. दिलीपकुमार यांनी लताबाईंच्या मराठी वळणाच्या उर्दूविषयी शंका काढली, तेव्हा त्यांनी उर्दूचा शिक्षक ठेवला. आमच्या मराठवाड्याच्या बोलीची लाज बाळगू नये, असे आमचे मत आहे. परंतु गाणे ज्या भाषेचे त्या भाषेचे उच्चार शिकावेच लागतात, मग ती उर्दू असो वा ग्रांथिक मराठी.

मुद्रणाच्या दिवशी लहानसहान गोष्टी आड येतात. मायक्रोफोनपासून साधारण वीतभर अंतर राखावयाचे. प, फ, ब, भ या अक्षरांची हवा थेट आत गेली तर ‘धप्’ असा आवाज येतो. म्हणून मध्ये जाळी लावतात, तोंड किंचित तिरपे ठेवतात. बांगड्या काढून ठेवावयाच्या, कागद वाजू द्यावयाचा नाही, पंखाही बंद. कानांवरच्या हेडफोनमध्ये वाद्ये फार मोठी असली की गाणारा नकळत ओरडतो, तेव्हा ती कमी करून घ्यावीत. मागायला संकोच करू नये. मायक्रोफोनशी कसे वागावे याचा नमुना 1949 च्या ‘महल’मध्ये आहे. खेमचंद प्रकाश यांच्या त्या प्रसिद्ध गाण्यात आवाज दुरून जवळ येतो. ती किमया करण्यास तेव्हा यंत्र नव्हते. मायक्रोफोन दालनाच्या मध्यभागी ठेवला होता, आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल त्याच्याकडे चालत आल्या.

त्या काळी गायक व सारे वादक एकदमच वाजवीत. एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. आता निरनिराळे ट्रॅक भरतात, चुकलेली एवढीच ओळ पुन्हा गाता येते. 1997 साली बेसूर स्वर सुरात ओढणारे ‘ऑटोट्यून’ही आले. ते स्वर जागेवर आणते. दम, उच्चार आणि शब्दामागचा भाव मात्र ज्याचा त्यानेच आणावयाचा.

‘महल’च्या पहिल्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते. पात्राचे होते, कामिनी. लोकांनी आकाशवाणीकडे विचारणा केली तेव्हा खरे नाव बाहेर आले. कारागिराचे नाव मालावर नसणे आम्हांला नवे नाही. पुढे 1960 च्या दशकात लताबाईंनी रेकॉर्डच्या विक्रीत गायकाचा वाटा मागितला. महंमद रफी यांचे म्हणणे असे की, गाण्याचे पैसे घेतले की हक्क संपला. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांचे मन मोठे होते. पण वाद कामाच्या मोबदल्याचा होता, आणि त्यात आम्ही लताबाईंच्या बाजूचे. कायद्याला ते मान्य करण्यास 2012 साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरात गायकाला रॉयल्टीचा हक्क मिळाला.

म्हणून तीर्थपुरीचा कोणी मुलगा वा मुलगी जालन्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास गाणे भरावयास निघाली, तर पाण्याच्या बाटलीबरोबर एक जाणता माणूस सोबत न्यावा. स्टुडिओत सही करावयास कागद पुढे येतो, तो बहुधा गाणे संपल्यावर, गाणारा थकलेला असताना. तो आदल्या दिवशीच मागून घ्यावा. गाण्यावर नाव कोणाचे लागणार, ते पुन्हा कोठे कोठे वाजविले जाणार, त्यातून गायकाला काय मिळणार, आणि ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे एखादे वाक्य त्यात आहे काय, एवढे घरी बसून सावकाश वाचावे.