गालिच्याची खुर्ची करण्यापूर्वी

खंडाळ्यातील बंद बंगला पावसाळ्यानंतर उघडला की दमट वासाबरोबर जुन्या पेटाऱ्यांतील ऐवजही बाहेर येतो. त्यात आजोबांच्या काळचा एखादा गालिचा असतो: मध्यभाग झिजून उघडा पडलेला, काठ मात्र अजून रंगतदार. तो अंथरता येत नाही आणि टाकवतही नाही. अशा वेळी त्यातून खुर्च्यांच्या बैठका करून घेण्याची कल्पना मोहक वाटते. परंतु कात्री एकदाच चालते, याचे भान आधी हवे.

बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे धावू लागली आणि खंडाळा मुंबईकर धनिकांचे हवापालटाचे ठिकाण बनले. त्यांच्या बंगल्यांत गालिचे, जाजमे, जरीचे पडदे आले. गालिचा इराणातूनच आलेला असेल असे नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याजवळच्या येरवडा कारागृहात कैदी गालिचे विणत; विजापूरच्या असार महालातील जुन्या गालिच्यांचे नमुने तेथे उतरवले जात. म्हणून आपल्याकडील वस्तू नेमकी कोणती, हे जाणकाराकडून समजून घेतल्याखेरीज ती कापू नये. धड असलेला गालिचा तर कापूच नये. जो मुळातच फाटला आहे, त्याचेच उरलेले भाग वापरावेत.

त्या भागांत जीव आहे का, हेही तपासावे लागते. गालिचा मागच्या बाजूने हलकेच दुमडावा. कटकट आवाज आला, तर आतील सुती ताणाबाणा कुजला आहे; तो माणसाचे वजन पेलणार नाही. ओलसर पांढरे फडके दाबून पाहावे. त्यावर रंग उतरला, तर तो भाग बैठकीसाठी बाद समजावा.

आता मापांचा हिशेब. साध्या खुर्चीच्या बैठकीला दुमडीसह साधारण २ फूट चौरस तुकडा लागतो. ४ बाय ६ फुटांच्या गालिच्यातून कागदावर असे ६ तुकडे निघतात. पण मधले पदक नेमके दोन खुर्च्यांत दुभंगते. त्यामुळे नक्षी पाहून आखणी करावी, संख्या पाहून नव्हे. गालिचा मागून, धारदार पात्याने कापावा, म्हणजे लव तुटत नाही. कडा लगेच लोकरीच्या धाग्याने बांधून घ्याव्यात, अन्यथा गाठी सुटू लागतात. लवेचा कल बैठकीवर मागून पुढे व पाठीवर वरून खाली असावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताण जुन्या वस्त्रावर येता कामा नये. स्प्रिंग, काथ्या आणि कापूस यांवर आधी मजबूत मांजरपाट ताणून बसवावा व गालिचा त्यावर केवळ आवरण म्हणून यावा. गोंद टाळावा. अस्तराला शिवून वेल्क्रोच्या पट्टीने बसवलेले आवरण पुढे सोडवता येते. रेशमी पैठणीचा पदर मात्र बैठकीला लावू नये. घर्षणाने जरीची तार रेशीम कापत जाते. तो उशीच्या दर्शनी बाजूस शोभतो.

खंडाळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. लोकर ओलावा शोषते, मग बुरशी आणि कसर मागोमाग येतात. अशा खुर्च्या बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात, प्लास्टिकऐवजी सुती चादरीने झाकाव्यात. खालच्या बाजूस विरळ कापड लावावे, म्हणजे हवा खेळती राहते. पावसाळाभर घर बंद राहणार असेल, तर आवरणे काढून शहरातील घरी नेणे उत्तम. सोडवता येणाऱ्या आवरणाचा खरा लाभ येथेच कळतो.

ही हौस नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पौर्वात्य गालिचे आणि उंटावरच्या पिशव्या खुर्च्यांवर चढवण्याची टूम होती. मात्र या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध आसन वेगळेच सांगते. सिग्मंड फ्रॉइड यांचा रुग्णांसाठीचा कोच आज लंडनमधील त्यांच्या संग्रहालयात आहे. त्यावरचा इराणी कश्काई गालिचा नुसता पसरलेला आहे, त्याला कात्री लागलेली नाही.

मन साशंक असेल, तर हाच मार्ग धरावा. कापायचेच ठरले, तर आधी संपूर्ण गालिच्याचे छायाचित्र काढावे आणि उरलेले तुकडे त्यासोबत जपून ठेवावेत. पुढच्या पिढीला खुर्ची मिळेल. ती कशातून घडली, हेही तिला कळले पाहिजे.