चांदीच्या कड्या आणि बारीक ठसा

लष्कराचा बँड तुम्ही पाहिला असेल. त्यात काही वादक काखेत पिशवी धरून वाजवतात. त्या वाद्याला बॅगपाइप म्हणतात. इंग्रजी अमलात ते आपल्या पलटणींत आले. त्याचे हे रूप स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले. स्कॉटलंड ब्रिटनच्या उत्तरेला आहे.

पिशवीला लाकडी नळ्या असतात. एकीतून वारा भरायचा. दुसरीवर बोटे फिरवून गाणे वाजवायचे. बाकीच्या तीन खांद्यावर उभ्या असतात. त्या सूर धरून ठेवतात.

या नळ्या बहुधा आफ्रिकेतल्या काळ्या, कठीण लाकडाच्या करतात. भारी वाद्यावर जागोजाग चांदीच्या कड्या दिसतात. आम्हांला आधी वाटले, ही नुसती हौस. पण तसे नाही. वादकाच्या श्वासातली ओल लाकडात मुरते. लाकूड फुगते. वाळले की आकसते. असे होता होता ते तडकते. जोडावर कडी असली, की लाकूड आवळून राहते. आपण मुसळाच्या टोकाला लोखंडी कडे बसवतो, ते कशाला? फुटू नये म्हणूनच ना!

मग कारागीर कडीवर नक्षी काढतो. टोकदार कोरणी घेऊन तो एकेक रेघ कोरतो. हात घसरला की काम बिघडलेच. नक्षीत थिसलचे फूल असते. ते आपल्या उटकटाऱ्यासारखे काटेरी असते. ती स्कॉटलंडची खूण आहे. कधी एकमेकींत गुंतलेल्या दोऱ्या असतात. त्यांचे टोक काही सापडत नाही.

अशी नक्षी तिथल्या पोशाखावरही असते. पुरुष किल्ट नावाचे चुणीदार लोकरी वस्त्र नेसतात. त्याला मोठी पिन लावतात. किल्टला खिसा नसतो. म्हणून समोर थैली बांधतात. थैलीच्या तोंडाशी नक्षीची पट्टी असते.

पण सगळे चकाकते ते चांदीच असते का? नाही. जर्मन सिल्व्हर म्हणून एक धातू आहे. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी गुंजभरही नसते. धातू टिकाऊ आहे. पण त्याला चांदीचा भाव का द्यायचा?

म्हणून तिथे ठशाचा कायदा आहे. ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू चांदीची म्हणून विकायची, तर ठसा लागतो. कारागिराने स्वतः शुद्धता ठरवून चालत नाही. परीक्षा दुसरे कार्यालय करते. एडिंबरो शहरात असे कार्यालय आहे. त्याची खूण तीन बुरुजांचा किल्ला. शेजारी कारागिराची अक्षरे असतात. आणि ९२५ असा आकडा असतो. म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी.

आपल्या देशातही सोन्याचांदीवर शुद्धतेचा ठसा मारतात. दागिना घेताना नक्षी जरूर पाहा. पण तो उलटा करून ठसाही वाचा. अक्षरे बारीक असतात. दिसली नाहीत तर दुकानदाराकडे भिंग मागा. त्यात लाज कसली? दाम आपले आहेत.