वाटणीला न येणारं घड्याळ

जमीन वाटता येते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली पट्टी चार भावांत गेली की बांध पडतात, सातबारे वेगळे होतात, पुढच्या पिढीत हिशेब गुंठ्यांवर येतो. पण वाटणी होते. दागिने तोळ्यावर वाटतात. घंगाळ एकाकडे, परात दुसऱ्याकडे जाते. आजोबांच्या कोटाच्या खिशातलं घड्याळ मात्र एकाच घरी जातं, बहुधा थोरल्याच्या. धाकटे त्याबद्दल उघड बोलत नाहीत आणि विसरतही नाहीत. लेकींना पाटल्या मिळतात, डोरलं मिळतं. घड्याळ लेकीकडे गेल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. पुढे ते बंद पडतं, पत्र्याच्या ट्रंकेत तळाला जातं. एखादी नात कधीतरी ट्रंक उपसते आणि घरात विषय निघतो, की हे पुन्हा चालू करायचं का आणि करायचं तर किती.

यातलं ‘किती’ महत्त्वाचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. घड्याळ चालतं करावं, नवं करू नये. या दोन कामांत किती अंतर आहे हे घड्याळ उघडल्याशिवाय कळत नाही. त्याआधी अशी घड्याळं आपल्या भागात आली कशी, तेही पाहायला हवं.

मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंतांचं कोठार, चोखोबा, कान्होपात्रा आणि मालदांडी ज्वारी, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. हे गाव 1948 पर्यंत सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं, हे जिल्ह्यातल्याही अनेकांना आठवत नाही. भोवती इंग्रजांचा सोलापूर जिल्हा आणि मधे संस्थानी तालुका. संस्थान म्हणजे मामलेदार, कारकून, शाळामास्तर, वकील. आणि गाव ज्वारीचं, म्हणून अडते, व्यापारी. खिशातलं घड्याळ परवडायचं आणि उपयोगी पडायचं ते अशाच लोकांना. शेतकऱ्याला त्याची गरज नव्हती. रब्बीच्या ज्वारीला हस्ताचा पाऊस कळतो, मिनिटकाटा कळत नाही.

मिनिटकाट्याची गरज आणली आगगाडीनं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे, ती अडीच फुटी रुळांची, 1897 मध्ये सुरू झाली आणि 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत आली. मंगळवेढ्याला ती आलीच नाही. 1927 मध्ये मिरजेला गेली तीही सांगोल्यावरून. म्हणजे मंगळवेढेकरानं बैलगाडीनं पंढरपूर गाठायचं आणि मग गाडी पकडायची. ज्याच्या दारात स्टेशन त्याला शिट्टी ऐकू येते. ज्याचं स्टेशन पाच-सात कोसांवर, त्याला घड्याळ लागतं.

तेही कोणत्या वेळेला लावलेलं? 1906 च्या 1 जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालायची आणि मुंबई आपल्या वेळेनं. दोन्हींत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. मंगळवेढ्याचा सूर्य या दोघांच्या मधे कुठेतरी. मुंबईच्या महापालिकेनं तर आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. आजही मंगळवेढ्यात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी बारा वाजून 28 मिनिटांनी. दिवाळीच्या सुमारास तो जरा लवकर, बारा वाजून बाराच्या आसपास येतो आणि फेब्रुवारीत पाऊण वाजायला आला तरी माथ्यावर असतो. घरातली सावली आणि खिशातला काटा यांचं भांडण पाहिलेली पिढी होती ती. तिच्या घड्याळाकडे नुसता दागिना म्हणून बघितलं तर काही कळणार नाही.

घड्याळं यायची मुंबईहून. फावर-ल्युबा या स्विस घराण्याचा भारताशी व्यापार 1865 पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीची सुरुवात 1886 ची, मुंबईतलीच. घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनायची आणि तबकडीवर मुंबई-कलकत्त्याचं नाव असायचं. लंड अँड ब्लॉकली ही लंडनची पेढी मुंबईत दुकान थाटून होती. राजाबाई टॉवरचं घड्याळ तिचंच. त्याखालचा वर्ग रॉस्कोफ पद्धतीच्या घड्याळांचा. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ यांनी 1867 च्या सुमारास कामगाराला परवडेल असं घड्याळ काढलं. भाग कमी, लिव्हरला खड्यांऐवजी पोलादी खिळे, आवाज मोठा. आपल्याकडे ‘आजोबांचं चांदीचं स्विस घड्याळ’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यातली बरीच या जातीची किंवा साध्या सिलिंडर पद्धतीची निघतात, आणि बाहेरचं कवच, म्हणजे केसही कधी चांदीचं नसून निकेलचं असतं. याचं कोणी वाईट वाटून घेऊ नये. तीस रुपये पगाराच्या मास्तरानं साधं घड्याळ घेतलं असेल, तर त्यातच त्याची खरी हकिगत आहे.

चांदी आहे का, हे मागचं झाकण उघडलं की कळतं. स्विस केसवर 0.800 किंवा 0.935 असा आकडा आणि बारीक पशुपक्ष्याचा छाप असतो. इंग्रजी चांदीवर चालत्या सिंहाचा. पण झाकणाच्या आतल्या बाजूला आकड्यांपेक्षा मोलाचं काही सापडतं. भिंगातून पाहिलं तर सुईनं ओरखडलेली बारीक अक्षरं दिसतात: तारीख, एखादं आद्याक्षर, कधी नुसता क्रमांक. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी घड्याळजी ही खूण करून ठेवत, म्हणजे तेच घड्याळ परत आलं तर कधी उघडलं होतं ते कळावं. एखाद्या झाकणात चार-पाच हातांच्या खुणा असतात. कोर्टाच्या दप्तरात सापडणार नाही अशी घराण्याची ही नोंद असते. आणि हौशी नातू पहिलं काम कोणतं करतो? झाकण आतूनबाहेरून पॉलिश करून आणतो.

आता यंत्राकडे. त्या काळचं बहुतेक घड्याळ तासाला 18,000 ठोके टाकतं, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला 4,32,000. वर्षाचे पंधरा कोटींच्या वर. हे सगळे ठोके ज्या दांडीवर फिरतात, त्या बॅलन्स स्टाफची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी बारीक. घड्याळ खाली पडलं की पहिलं मोडतं ते हे टोक. धक्का झेलणारी इन्काब्लॉकसारखी सोय 1930 च्या दशकात आली. आजोबांच्या घड्याळात ती नसते. मोडलेल्या स्टाफच्या जागी नवा बाजारात सहसा मिळत नाही. दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढायचा किंवा खरादावर नवा घडवायचा. घडवणारे हात महाराष्ट्रात आता फार थोडे उरलेत.

दुसरं दुखणं मुख्य कमानीचं. जुनी निळसर पोलादाची कमान वर्षानुवर्षं गुंडाळून राहिल्यानं बळ गमावते किंवा एके दिवशी चावी देताना कट्कन तुटते. लोक म्हणतात ‘चावी जास्त दिली म्हणून बिघडलं’. तसं सहसा नसतं. तुटली ती कमान म्हातारी झाली म्हणून, आणि पूर्ण चावी दिल्यावर बंद राहिलं तर कारण वाळलेलं तेल असतं. इथे नवी मिश्रधातूची कमान बसवायला माझी काहीच हरकत नाही. ती दिसत नाही, सहसा तुटत नाही, आणि जुनी तुटताना चाकांचे दातही घेऊन जाऊ शकते.

तिसरी बालकमान, केसाहून बारीक. तिला कारागीर सगळ्यात जास्त भितो. गंजली किंवा वाकली की वेळ बिघडते, आणि वेटोळी एकमेकांना चिकटली की घड्याळ वेड्यासारखं पुढे धावतं. कधी दोष नुसता चुंबकाचा असतो. मोबाइल स्पीकरच्या पेटीजवळ किंवा चुंबकाच्या बटणाच्या पर्समध्ये ठेवलेलं घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढे जायला लागतं, आणि चुंबकत्व उतरवायच्या यंत्रावर क्षणभर धरलं की ताळ्यावर येतं. ‘नवी बालकमान लागेल’ असं कोणी सांगितलं, तर आधी हे तपासलंय का, एवढं विचारावं.

आमच्या भागाची खास अडचण धूळ आणि ऊन. काळ्या मातीची धूळ पिठासारखी. झाकणाच्या फटीतून आत जाते आणि तेलात मिसळून घासणारा लगदा तयार करते. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या ट्रंकेत तेल सुकून राळेसारखं होतं. म्हणून ट्रंकेतून काढलेल्या घड्याळाला लगेच चावी देऊ नये. कोरड्या खड्यांत पोलादाची टोकं फिरू लागली की कानस चालते. आधी पूर्ण उघडून पेट्रोलमध्ये धुणं, खड्यांची भोकं काडीनं साफ करणं, मोजून थेंबभर तेल, मग चावी. नातवंडांचा आनंद मी समजू शकतो, ‘हलवलं तर चालतंय!’ म्हणतात; पण तो दोन मिनिटांचा आनंद महाग पडतो.

आणि तबकडी. सोलापुरात एका जुन्या घड्याळजींच्या टेबलापाशी गिऱ्हाइकाचं चाललेलं बोलणं माझ्या लक्षात राहिलंय.

“मामा, तेवढी डायल नवी करून देता का? लई जुनाट दिसतंय.”

“जुनं हाय म्हणून जुनं दिसतंय की ओ. मशीन करतो, तोंडाला हात लावत नाही.”

मामांच्या पाठीशी मी उभा आहे. मीनाकारीच्या पांढऱ्या तबकडीवर केसासारखे तडे असतात. त्यातली घाण हलक्या हातानं निघते, तडे राहू द्यावेत. बाजारात याच्या उलट चालतं. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली भडक तबकडी चढवून विकायची रीत इतकी रूढ आहे, की जुन्या घड्याळांच्या शौकिनांत तिला ‘बॉम्बे स्पेशल’ असं नाव पडलंय. त्यातला विनोद मला कळतो. पण घरचं घड्याळ स्वतःहून बॉम्बे स्पेशल करून घेणारी माणसं पाहिली की हसू येत नाही. एक सावधगिरीही सांगतो: आकड्यांवर पिवळट तपकिरी रंगाचा थर असेल आणि घड्याळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकायचं थांबलं तरी रेडियम संपलेलं नसतं. निम्मं व्हायलाच त्याला सोळाशे वर्षं लागतात. तो खरवडू नये.

केसबद्दल सर्वांत वाईट बातमी अशी की पुष्कळ घड्याळांना केसच उरलेलं नसतं. सोनाराच्या लेखी चांदीचं घड्याळ म्हणजे चांदी अधिक कचरा. 1972 च्या दुष्काळानं सोलापूर जिल्ह्यातल्या घराघरांतून काय काय मोडीत निघालं, ते त्या पिढीला ठाऊक आहे. 1980 च्या सुरुवातीला जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा उरलंसुरलं गेलं. घरात डबीत नुसतं यंत्र सापडलं, तर कोण्या बेजबाबदार माणसाची गोष्ट समजू नये. त्या चांदीनं कदाचित दोन महिन्यांची ज्वारी आणली असेल. अशा यंत्राला नवं केस शोधत बसण्यापेक्षा काचेच्या डबीत तसंच ठेवावं, असं मला वाटतं.

कारागीर का उरले नाहीत, याचं उत्तर सोपं आहे. 1969 च्या नाताळात जपानमध्ये सायकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. आपल्याकडे एचएमटीनं 1961 पासून सिटिझनच्या सहकार्यानं चावीची घड्याळं घराघरांत नेली होती. टायटन 1980 च्या दशकात क्वार्ट्झ घेऊन आली, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. सेल बदलायला कारागीर लागत नाही. तालुक्याच्या गावात काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस आता पट्टे आणि सेल विकतो. चूक त्याची नाही. मुलानं हे शिकावं असं त्यालाच वाटलं नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. सर्वसाधारण चांदीच्या स्विस घड्याळाची बाजारातली किंमत नीट दुरुस्तीच्या खर्चापेक्षा बऱ्याचदा कमी असते. किंमत वस्तूत किती आणि माणसात किती, याचं टोकाचं उदाहरण गांधीजींचं. त्यांचं झेनिथचं गजराचं खिशातलं घड्याळ 1947 मध्ये रेल्वेप्रवासात चोरीला गेलं आणि काही महिन्यांनी चोरानंच आणून दिलं. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला, ताट-वाटी यांच्यासह ते अठरा लाख डॉलरना गेलं. तसंच घड्याळ दुसऱ्या कोणाच्या खिशातून आलं असतं, तर त्याची दखल शौकिनांपलीकडे कोणी घेतली नसती. आपल्या आजोबांसाठी लिलाव होणार नाही. म्हणून खर्च किती करायचा हे बाजारभावावर ठरवू नये, आणि कर्ज काढूनही करू नये.

परदेशी गेलेल्या नातवंडांसाठी एक कायदेशीर गोष्ट. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरातन ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांचं घड्याळ सामानात टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करून, लागत असेल तर ते पुरातन वस्तू नसल्याचा दाखला घ्यावा.

घड्याळ चालू झालं की रोज वापरायचा हट्ट नको. अधूनमधून चावी द्या, दिवसभर चालू द्या, पुन्हा कोरड्या जागी ठेवा, आणि काही वर्षांनी तेलपाणी करून घ्या. सोबत डबीत एक कागद ठेवा. घड्याळ कोणी घेतलं, काय नोकरी होती, कोणाकडून कोणाकडे आलं, कोणत्या साली कोणी दुरुस्त केलं आणि काय बदललं, एवढं पुरे. ज्यांच्याकडे ते नाही त्या भावंडांची नावंही त्यात लिहा, लेकींचीसुद्धा. आणि घड्याळ वेगळ्या चावीचं असेल तर ती चावी कुठल्या डब्यात आहे, हे विसरू नका. कित्येक चांगली घड्याळं केवळ तिच्यापायी बंद पडून आहेत.